मी पायाळू नाही

मी पायाळू नाही. जन्माला येताना मी शहाण्या मुलासारखा डोक्याकडूनच आलो, असे आई सांगते. ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि पायाळूच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की त्याला जमिनीच्या पोटातले धन दिसते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. आजीच्या गोष्टींत असा एक तरी पायाळू असायचाच. त्याला माळरानाखाली मोहरांच्या कढया दिसत; फक्त त्यांच्यावर एक नाग वेटोळे घालून बसलेला असे. पायाळूवर वीज हमखास पडते, असेही आजी सांगे. हा व्यवहार मला लहानपणीसुद्धा चोख वाटे. फुकटचे धन दिसायचे, तर विजेचे भय सोसलेच पाहिजे!

तेव्हा भूमिगत धनाशी माझा संबंध यायचे काही कारण नव्हते. धातूशीही नव्हते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. धातू म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर 'कर', 'जा', 'ये' उभे राहतात. वीस वर्षे मी मुलांना धातुसाधिते शिकवीत आलो आहे, आणि ती त्यांना अजून सापडलेली नाहीत. पण २०२३ सालच्या मे महिन्यात हातात खराखुरा धातुशोधक घेऊन मी एका कुरणात उभा राहिलो, आणि त्या दिवसापासून माझ्या आयुष्यातला एक फार जुना हिशेब हलू लागला. तो हिशेब वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात राहते. सुट्टीत तिच्याकडे गेलो होतो. तिच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. सारी हयात त्यांनी टपाल वाटले आणि निवृत्त झाल्यावर हा छंद जवळ केला. दर शनिवारी पहाटे ते डब्यात सँडविच, पाठीला लहानसे खोरे आणि हातात ते यंत्र घेऊन बाहेर पडत. मी दोन शनिवार खिडकीतून पाहिले. तिसऱ्या शनिवारी त्यांनीच विचारले, "येता का?"

यंत्र म्हणजे तरी काय, एक काठी! वरच्या टोकाला मूठ आणि छोटासा पडदा. खालच्या टोकाला ताटाएवढे तारेचे वेटोळे. त्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह वाहतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीत धातूचा तुकडा असला, तर त्या क्षेत्रामुळे त्या तुकड्यातही भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह उठतात. त्या प्रवाहांचे आपले असे एक अगदी क्षीण क्षेत्र असते. यंत्रातले दुसरे वेटोळे ते हेरते आणि कानात सूर वाजतो. म्हणजे आजीच्या गोष्टीतला नाग आणि पायाळू हे दोघेही या काठीत एकत्र नांदत होते, आणि विजेचीही सोय होती.

कुरणात पाऊल टाकण्याआधी म्हातारबुवांनी मला शेतमालकाच्या घरी नेले. मालकाची लेखी परवानगी त्यांच्याकडे होतीच. काही मोलाचे सापडले तर निम्मे मालकाचे, हाही करार होता. तरीही ते दारात उभे राहून पाच मिनिटे बोलले. नंतर गोठ्यात काम करणाऱ्या माणसाशी पंधरा मिनिटे बोलले. पूर्वी पायवाट कुठून जात असे, जुने झाड कुठे होते, नांगराला कुठे विटा लागतात, असले प्रश्न. परत येताना मला म्हणाले, "मालकाला विचारायचं ते परवानगीसाठी. ज्याचा हात मातीत असतो त्याला विचारायचं ते माहितीसाठी. पुष्कळ जण पहिल्यालाच विचारून थांबतात."

हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले. त्याचा अर्थ कळायला मला वर्ष लागले.

मग काम सुरू झाले. वेटोळे जमिनीपासून दोन बोटांवर राहील असे, सावकाश, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवायचे. प्रत्येक फेर आधीच्या फेरावर थोडा चढला पाहिजे. शेण सारवताना बाई हात फिरवते, अगदी तसा. मी दहा मिनिटांतच झपाझप चालू लागलो. बुवा म्हणाले, "तुम्ही फिरायला आला आहात." मी शरमून सावकाश झालो. सूर वाजला की हिरवळीचा चौकोनी तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटायचा, आतली वस्तू काढायची, माती परत भरायची आणि ते झाकण पायाने दाबून बसवायचे. आपण येऊन गेलो हे गवताला कळता कामा नये. सापडलेला कचरासुद्धा आपल्याच पिशवीत घालून न्यायचा.

दिवसभरात आमची कमाई अशी : गंजलेले खिळे सतरा, घोड्याच्या नालाचा तुकडा एक, पितळी गुंड्या तीन, शिशाची बंदुकीची गोळी एक, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली झिजलेली पेनी एक आणि शीतपेयांच्या डब्यांच्या ॲल्युमिनियमच्या कड्या अकरा. अकराही कड्या मी खणल्या आणि अकराही वेळा माझ्या काळजाचा ठोका चुकला. अकराव्या वेळी मी वैतागून म्हणालो, "हा कचरा ओळखता येत नाही का या यंत्राला?"

"येतो की!" बुवा म्हणाले, आणि त्यांनी मला एक कळ दाखवली.

त्या पडद्यावर प्रत्येक वस्तूचा एक आकडा उमटतो. लोखंडाचा आकडा खालचा, चांदीचा वरचा. कळ दाबून यंत्राला सांगता येते, की अमुक आकड्यांच्या वस्तू आल्या तर गप्प बस. मग खिळे आले तरी ते बोलत नाही, कड्या आल्या तरी बोलत नाही. मोठी सोय! मी ती दाबणार तोच बुवांनी माझा हात धरला. "या कडीचा जो आकडा, तोच सोन्याच्या अंगठीचा. कडीला गप्प केलंत की अंगठीही गप्प झाली."

त्या कळेचे नाव डिस्क्रिमिनेशन. मी भाषेचा माणूस, तिथेच थांबलो. इंग्रजांनी या एका शब्दात दोन अर्थ कोंबले आहेत. एक अर्थ विवेक, तारतम्य, चांगले-वाईट पारखण्याची शक्ती. दुसरा अर्थ भेदभाव. आपल्या भाषेत विवेक हा संतांच्या घरचा शब्द आणि भेदभाव हा निषेधाच्या ठरावातला. दोघांची कधी गाठ पडत नाही. म्हणून आपल्याला वाटते की ही दोन वेगळी माणसे. प्रत्यक्षात कळ एकच आहे. आपण ती दाबतो विवेक म्हणून, आणि पुष्कळदा तिच्यातून निघतो भेदभाव.

संध्याकाळी बुवांनी आपल्या घरी नेऊन मला बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे दाखवले. दोन्ही काठोकाठ त्या कड्यांनी भरलेले. त्यांच्याशेजारी काडेपेटीएवढ्या डबीत कापसावर एक सोन्याची अंगठी. बावीस वर्षांत त्यांना अशा दोन मिळाल्या होत्या. त्यांतली दुसरी, आतल्या बाजूला कोरलेल्या नावावरून शोध घेऊन, त्यांनी जिची तिला परत केली होती. "या डब्यातली प्रत्येक कडी मी अंगठी समजून खणली," ते म्हणाले, "आणि या दोन्ही अंगठ्या कडी समजून खणल्या."

या छंदात सर्वांत महत्त्वाचे काय, हे मी त्यांना तेव्हाच विचारले. मला वाटले, ते भारी यंत्र म्हणतील किंवा नशीब म्हणतील. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "काय सापडणार ते आधी न ठरवणं."

भारी यंत्राचे महत्त्व नाही असे नव्हे. पण इतिहास पाहिला तर ते दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे दिसते. बुवांच्याच परगण्यात हॉक्सन नावाचे खेडे आहे. १९९२च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यासाठी त्याचे मित्र एरिक लॉज हे आपले यंत्र घेऊन आले. हातोड्याच्या जागी त्यांना चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी लागू लागली. लॉज यांचे मोठेपण असे, की त्यांनी खणणे तिथेच थांबवले आणि योग्य ठिकाणी वर्दी दिली. पुरातत्त्वज्ञांनी येऊन सारे नीट, थरावर थर पाहत उकलले. रोमन काळातली १४,८६५ नाणी आणि दोनशेच्या आसपास सोन्याचांदीच्या वस्तू निघाल्या. त्यांत मिरपूड ठेवायची चांदीची पात्रेही होती, आणि त्या काळी रोमला मिरी जात असे ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून! लॉज आणि शेतकरी यांना मिळून साडेसतरा लाख पौंड मिळाले. हातोडाही सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. हातोडा शोधायला गेलेला माणूस हातोड्यावरच अडून बसला असता, तर हे काहीच झाले नसते.

त्या देशात या छंदाला कायद्याची बैठक आहे. १९९६च्या कायद्याप्रमाणे, खजिना ठरू शकेल असे काही सापडले तर चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावे लागते. बाकीच्या साध्यासुध्या वस्तूंचीही नोंद करून घेणारी एक योजना १९९७पासून चालू आहे, आणि तिच्या दप्तरी दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडचा मामला निराळा. १८७८च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडल्यास कलेक्टरला कळवणे बंधनकारक केले आहे. आणि १९५८च्या कायद्याने संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीवाचून कुदळ मारणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी उत्साही वाचक काठी घेऊन किल्ल्याकडे निघाले असतील, तर त्यांनी कृपा करून घरी परतावे आणि फराळाला बसावे. आणि आपली भूमी काही यंत्रावाचून मुकी नाही. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला. वजन साठ किलोहून अधिक. त्याच्या हातात यंत्र नव्हते, पण पुढे आलेले मूळ खणायचे टाळायचे नाही एवढे त्याला ठाऊक होते.

घरी परतल्यावर मी या यंत्राची कुळकथा वाचू लागलो, आणि एका हकिगतीने मला फार अस्वस्थ केले. १८८१च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात कुठे अडकली ते कळेना. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईघाईने एक धातुशोधक तयार केला आणि तो घेऊन ते अध्यक्षांच्या बिछान्यापाशी गेले. सूर काही नीट लागेना. बिछान्यातल्या पोलादी तारांनी घोटाळा केला, असे सांगतात. पण त्याहून मोठा घोटाळा निराळाच होता. गोळी उजव्या बाजूला आहे असे मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी आधीच ठरवून टाकले होते, आणि त्यांनी बेलना फक्त उजवीच बाजू तपासू दिली. सप्टेंबरात अध्यक्ष वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

ही हकिगत मी रात्री वाचली आणि दिवा मालवला. पण झोप लागली नाही. मला आमच्या घरातली उजवी बाजू आठवली.

१९८८ सालची दिवाळी. मी दहा वर्षांचा. नरकचतुर्दशीची पहाट, न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटलेला, आणि आई आम्हा भावंडांना एकेकाला पाटावर बसवून तेल-उटणे लावत होती. दुपारी तिच्या लक्षात आले की बोटातली अंगठी नाही. अर्ध्या तोळ्याची, वडिलांनी लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला घातलेली. "तेल लावायच्या आधी काढून कोनाड्यात ठेवली," आई म्हणाली. ती नेहमीच तशी ठेवत असे, त्यामुळे त्याही दिवशी ठेवली असणार, यात कोणाला शंका वाटली नाही. तिला स्वतःलाही नाही.

कोनाडा रिकामा होता. आणि सकाळी घरात बाहेरचे माणूस एकच येऊन गेले होते. आमच्याकडे कामाला येणारी बाई. आम्ही मुले तिला मावशी म्हणत असू. ती विहिरीवर धुणी-भांडी करी, गोठा काढी, आगराला शिंपणे करी. आमच्या दोन पिढ्यांची बाळंतपणे तिच्या हातून पार पडली होती.

तिच्यावर कोणी आळ घेतला नाही. आमचे घर सुसंस्कृत होते. तिला फक्त विचारण्यात आले, "कोनाड्यात अंगठी होती, पाहिलीस का?" दुपारी आईने विचारले, संध्याकाळी आजीने विचारले, दुसऱ्या दिवशी वडिलांनी विचारले. एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की तो प्रश्न राहत नाही. भाऊबीजेपासून ती आली नाही. कोणी बोलवायलाही गेले नाही.

आता मी जे सांगणार आहे ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्या संध्याकाळी आजीने मला जवळ घेऊन विचारले होते, "तू सकाळपासून घरात होतास ना रे? ती कोनाड्यापाशी गेली होती का?" मी म्हटले, "हो, गेली होती." आणि ती खरोखरच गेली होती. मी खोटे बोललो नव्हतो. हातात काय होते, कशाला गेली होती, हे आजीने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मोठ्या माणसांच्या चर्चेत आपल्या साक्षीला किंमत आली, याचाच मला आनंद झाला होता.

चोर सापडला, आणि अंगठीचा शोध थांबला. शोध नेहमी असाच थांबतो. वस्तू सापडल्यावर थांबतो तो शोध विरळा. बहुतेक शोध माणूस सापडल्यावर थांबतात.

२०२४च्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा नळपाणी योजनांच्या ठेकेदारीचा व्यवसाय आहे. मातीखाली गडप झालेली व्हॉल्व्हची लोखंडी झाकणे शोधायला त्याच्याकडे असे एक साधे यंत्र असते. ते मी चार दिवसांसाठी मागून नेले. आईला म्हटले, "जरा परसात गंमत करतो." तिने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला मुलाची गंमत कळत नाही असे थोडेच आहे!

आमची जमीन जांभ्याची. जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे यंत्र नुसते कुरकुरत राही. वेटोळे वरखाली करून आधी त्याला त्या मातीची ओळख करून द्यावी लागते, तेव्हा कुठे ते शुद्धीवर येते. पहिले दोन दिवस मी कोनाड्याबाहेरचे अंगण, तुळशीचा परिसर, पाणंदीकडची वाट असे सगळे पालथे घातले. माझा बारा वर्षांचा मुलगा आकडे वाचून दाखवी आणि मी खणत असे. खिळे, बैलाच्या खुराची नाल, गोळ्यांच्या पाकिटांची चांदी, ॲल्युमिनियमचे चौकोनी पाच पैसे, आणि एक भोकाचा पैसा. मुलगा भोकाच्या पैशावर खूष होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई पडवीत बसून माझी फजिती पाहत होती. मी सहज विचारले, "आई, त्या दिवशी तू अंगठी काढलीस, ते तुला आठवतं का, की तू नेहमी काढायचीस ते आठवतं?"

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला तेल लावताना तू फार वळवळत होतास. मी तुझ्या पाठीत एक धपाटा घातला. तेव्हा बोटाला काही टोचलं नाही तुला?"

मला ते आठवत नव्हते. पण आम्ही दोघेही एकदम न्हाणीघराकडे पाहू लागलो. तेलाने माखलेली बोटे, आणि वर घंगाळभर ऊन पाणी. न्हाणीघराचे पाणी भिंतीच्या भोकातून पन्हळात पडते, आणि पन्हळातून केळीत जाते. कोकणातल्या कुठल्याही घरचे जाते तसेच.

केळीतली माती ओली आणि भुसभुशीत. यंत्र जरा बरे बोलू लागले. बाटलीचे बूच. औषधाच्या ट्यूबचा तुकडा. आणखी एक बूच. दुपारी उन्हे डोक्यावर आली तसा मुलगा कंटाळला. सूर वाजला, त्याने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबा, पुन्हा झाकणच. तोच आकडा. सोडून द्या."

मला सफोकचे ते दोन डबे आठवले. मी गुडघे टेकले. चार बोटे माती काढली, ती मुठीत चुरली, आणि मातीतून पिवळे काही चमकले. लोखंड गंजते, तांबे हिरवे पडते, चांदी काळवंडते. सोन्याला काही होत नाही. साडेपस्तीस वर्षे केळीच्या मुळांत राहून ती अंगठी जशीच्या तशी होती. त्या वर्षांत ज्याला जे व्हायचे होते ते माणसांना झाले होते.

आईने ती हातावर घेतली, पदराने पुसली, पण बोटात घातली नाही. म्हणाली, "मला तिच्याकडे घेऊन चल."

मावशी खाडीपलीकडे लेकीकडे राहते. पंचाहत्तरी ओलांडली आहे, पाठीत वाकली आहे. पण नजर शाबूत. आम्ही गेलो तेव्हा ती ओटीवर बसून कोकमे वाळत घालत होती. आईने काही प्रस्तावना केली नाही. अंगठी पुढे धरून म्हणाली, "अगो, सापडली गो."

मावशीने ती हातात घेतली नाही. लांबूनच पाहिली. "बरं झालं, वैनी. कुटं व्हती?"

"न्हाणीच्या केळीत."

"मी तवाच बोलले व्हते," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. कालची गोष्ट सांगावी तशी ती सांगत होती. "दादांनी इचारलं तवा मी बोलले, की न्हाणीच्या केळीत बगा. चमचे, वाट्या, पोरांच्या बाळ्या समदं थितंच गावायचं मला. केळ शिंपाय मीच जायचे न्हवं?"

आई माझ्याकडे पाहू लागली. तिलाही ते आठवले असावे. आम्ही मालकाला विचारले होते. ज्याचा हात मातीत होता त्याने आपण होऊन सांगितले, तेव्हा ते आमच्या कानांपर्यंत पोचलेच नव्हते. कळ दाबलेली होती. तिचे बोलणे आमच्या यंत्राने कचऱ्यात जमा केले होते.

आईने अंगठी तिच्या मुठीत कोंबायचा प्रयत्न केला. "ठेव ही. माझी शपथ आहे तुला."

मावशीने आईची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. "तवा घेतली न्हवती, वैनी. आता कशी घेऊ?"

मग मला राहवेना. मी म्हटले, "मावशी, तू कोनाड्यापाशी गेली होतीस असं आजीला मी सांगितलं होतं."

ती माझ्याकडे वळली. "मग? खरंच तर बोललास. पणती ठेवाय गेले व्हते. वैनीनंच दिली व्हती." आणि लेकीला हाक मारून म्हणाली, "अगं, कोकमाचं सरबत कर. लांबून आल्यात."

परतीच्या वाटेवर, तरीत, आई एवढेच म्हणाली, "पणती मीच दिली होती रे."

ती अंगठी आता देव्हाऱ्यातल्या डबीत आहे. आई ती घालत नाही आणि मोडायचेही नाव काढत नाही. वस्तू परत मिळाली की सगळे परत मिळते, असे नाही.

मी मात्र एक डबा घरी आणला आहे. त्यात केळीत निघालेली सारी बुचे, झाकणे आणि पाकिटांची चांदी आहे. तो मी माझ्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवला आहे. पाहुणे विचारतात, हा काय कचरा? वर्षाच्या अखेरीस उत्तरपत्रिका तपासायला बसलो की एखाद्या गठ्ठ्यावर मी नाव न वाचताच अक्षरावरून गुण ठरवू लागतो. शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणते, "तो मागच्या बाकावरचा ना? त्याच्याकडून काय होणार!" आणि मी मान डोलावू लागतो. अशा वेळी तो डबा जरा हलवावा लागतो. आत बुचे खडखडतात. मग मी उत्तरपत्रिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतो. बहुतेक वेळा ते झाकणच निघते, हे कबूल केले पाहिजे.

पण खणल्यावाचून ते कळत नाही. पायाळूला अंजन घातल्यावर जमिनीतले दिसते, असे आजी म्हणे. मी पायाळू नाही. मला वरून काही दिसत नाही, एवढे कळायला मात्र मला पंचेचाळीस वर्षे लागली.

यंदा भाऊबीजेला मावशीला आणायला मी स्वतः तरीने जाणार आहे. ती येईल की नाही, ते मी आधी ठरवलेले नाही.